बाईंची यादी आणि फंडाचा परतावा: डिचोलीतलं एक प्रकरण

गोव्यात डिचोली तालुक्यातल्या एका मराठी शाळेच्या मुख्याध्यापिका निवृत्त झाल्या. ग्रॅच्युइटी, रजेचे पैसे, पेन्शनची विकलेली रक्कम आणि आधीची बचत मिळून ४५ लाख रुपये हाती आले. त्यातले ३० लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत गेले. तिथे मर्यादाच तेवढी आहे आणि व्याज ८.२ टक्के. ५ लाख बँकेत अडीअडचणीला ठेवले. उरलेले १० लाख बारा वर्षं हात न लावता शेअर बाजाराशी जोडलेल्या फंडात ठेवायचे, इथपर्यंत घरात एकमत होतं. कुठल्या फंडात, हे विचारायला बाई माझ्याकडे आल्या. मी नोंदणीकृत गुंतवणूक सल्लागार आहे. फी घेतो, फंडाकडून कमिशन घेत नाही. हे आत्ताच सांगतो, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे. ओळख पटू नये म्हणून घरचे काही तपशील बदलले आहेत.

बाईंनी जुन्या कॅलेंडरच्या पानामागे शाळेतल्या फळ्यावर लिहावी तशा ठळक अक्षरात यादी करून आणली होती. दारू नाही. तंबाखू नाही. जुगार नाही. खाण नाही. आणि खाली एक ओळ: ‘पैसे कमी मिळाले तरी चालतील, पण किती कमी ते आधी सांग.’

ही शेवटची ओळ लिहिणारं गिऱ्हाईक विरळा. एरवी लोक दोनच टोकांनी येतात. एकाला ‘चांगल्या कंपन्यांचा फंड चांगलाच चालणार’ हे ऐकायचं असतं, दुसऱ्याला ‘तत्त्वं पाळली की पैसा बुडतो’ हे. बाईंना हिशोब हवा होता.

सोबत मुलगा होता. तो पर्वरीला एका बँकेत अधिकारी आहे. त्याचं म्हणणं सरळ होतं: “आई, फंड म्हणजे फंड. सगळ्यात स्वस्त निफ्टीचा इंडेक्स फंड घे आणि उरलेल्या पैशातून हवं तर दानधर्म कर.” बाईंचे यजमान आले नव्हते. त्यांचे दोन ट्रक एकेकाळी खनिजाच्या वाहतुकीवर होते. सप्टेंबर २०१२ मध्ये बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल संसदेत आला, राज्य सरकारने खाणी थांबवल्या आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही बंदी घातली. तेव्हा दोन्ही ट्रक दारात उभे राहिले, आणि हप्ते चालूच होते. घर बांधलं ते खाणीच्या पैशातून, आणि घरामागची विहीर आटली तीही बाईंच्या मते खाणीमुळेच. कुठली कंपनी, हा इथे मुद्दा नाही. यादीतला चौथा शब्द कुठून आला हे कळावं म्हणून सांगितलं.

साध्या फंडात ‘पाप’ किती असतं?

पहिलं काम मी केलं ते साध्या फंडाची झडती घेण्याचं. नैतिक फंड महाग की स्वस्त हे ठरवण्याआधी, ज्याच्याशी तुलना करायची त्यात नको असलेलं नेमकं किती आहे हे बघायला नको?

निफ्टी ५० म्हणजे देशातल्या पन्नास मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक; इंडेक्स फंड त्यातलेच शेअर त्याच प्रमाणात घेतो. त्यात दारूची कंपनी एकही नाही. युनायटेड स्पिरिट्स आहे, पण ती त्याच्या पुढच्या पन्नासांत. कॅसिनोची तर नाहीच. मांडवीतल्या जहाजांमुळे पणजीत रोज डोळ्यांसमोर असलेली डेल्टा कॉर्प बाजाराच्या मानाने छोटी कंपनी आहे. तंबाखूची एक आहे, आयटीसी, आणि तिचं वजन साधारण तीन-चार टक्के. खाणकाम म्हणून कोल इंडिया, आणि स्वतःच्या खाणी असलेल्या पोलाद व अॅल्युमिनियमच्या कंपन्या, त्याही काही टक्केच. वेदांत २०२० च्या जुलैअखेर निफ्टीतून बाहेर पडली.

म्हणजे दहा लाखांतले तीस-चाळीस हजार तंबाखूत, खाणी कशा मोजता त्यावर आणखी थोडे. बाकीचे नऊ लाखांहून अधिक बँका, सॉफ्टवेअर, तेल, मोटारी, औषधं, साबण यांत. बाईंना हे ऐकून जरा हायसं वाटलं. मुलाला तर जिंकल्यासारखंच वाटलं. पण याच आकड्यात त्याच्याविरुद्धचाही मुद्दा आहे. तीन-चार टक्केच काढायचे असतील, तर काढल्याने बारा वर्षांत आभाळ कोसळायचं कारण नाही. फरक पडलाच तर तो यादीमुळे पडणार नाही. यादीच्या नावाखाली फंड आणखी काय-काय काढतो किंवा घालतो, त्याने पडेल.

नाव ‘एथिकल’, चाळणी दुसरीच

बाईंनी स्वतः शोधून एक नाव आणलं होतं: टाटा एथिकल फंड. नाव आवडावं असंच आहे, आणि फंडही १९९६ पासूनचा जुना. पण भारतात नावात ‘एथिकल’ असलेले जुने फंड, टाटांचा हा आणि २००९ मध्ये आलेला टॉरसचा, शरियतच्या नियमांनी चालतात. दारू, तंबाखू, जुगार हे तिथेही वर्ज्य, म्हणजे बाईंच्या यादीतले पहिले तीन शब्द बसतात. पण व्याजही वर्ज्य. त्यामुळे बँका आणि कर्ज देणाऱ्या कंपन्या साफ बाहेर, आणि ज्यांच्या डोक्यावर ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त कर्ज आहे त्या कंपन्याही बाहेर. खाणीला मात्र तिथे मनाई नाही.

“बँकेनं काय वाईट केलं?” बाई म्हणाल्या. “हा माझा मुलगा बँकेतच आहे!” मुलगा पहिल्यांदाच हसला.

यात फंडाचा दोष नाही. ज्यांच्या श्रद्धेसाठी तो बनला आहे त्यांच्यासाठी तो चोख आहे. पण परताव्याच्या दृष्टीने याचा अर्थ मोठा आहे. निफ्टी ५० चा साधारण एक तृतीयांश भाग वित्तीय कंपन्यांचा. तो काढला की आयटी, औषधं, ग्राहकोपयोगी वस्तू यांचं वजन आपोआप फुगतं. मग हा फंड निफ्टीपेक्षा चांगला चालला किंवा वाईट चालला, तरी त्या वर्षी बँका पुढे होत्या की आयटी, एवढंच त्यातून कळतं.

आकडे बघा. २०२० मध्ये निफ्टी ५० सुमारे १५ टक्के वाढला. त्या वर्षी बँकांचा निर्देशांक तीनेक टक्के खाली होता, आयटीचा सुमारे ५५ टक्के वर आणि औषध कंपन्यांचा त्याहून वर. बँका नसलेले फंड त्या वर्षी मिरवत होते. २०२१ मध्ये निफ्टी २४ टक्के, आयटी जवळजवळ ६०. पुन्हा मिरवणूक. २०२२ मध्ये निफ्टी चारेक टक्के वर, बँका २१ टक्के वर आणि आयटी २६ टक्के खाली. मिरवणूक तिथेच विसर्जित. या तीन वर्षांत कुठल्याही कंपनीची नीतिमत्ता इतकी वर-खाली झाली नव्हती.

ईएसजीची लाट

दुसरा रस्ता ईएसजी फंडांचा: पर्यावरण, समाज आणि कारभार या तीन कसोट्यांवर कंपन्या पारखणारे. एसबीआयने आपला १९९१ चा जुना इक्विटी फंड २०१८ मध्ये ईएसजी केला, क्वांटमने २०१९ मध्ये नवा काढला, आणि २०२० ते २०२१ च्या सुमारास अॅक्सिस, कोटक, आयसीआयसीआय प्रुडेन्शियल, आदित्य बिर्ला, मिरे, इन्वेस्को असे सगळेच रांगेत आले. ती वेळ लक्षात ठेवण्यासारखी आहे. आयटी कंपन्या ना धूर सोडतात ना जंगल तोडतात, त्यामुळे ईएसजीच्या गुणपत्रिकेत त्या वरच्या बाकावर बसतात. आयटी तेजीत असताना हे फंड विकायला आले. माहितीपत्रकांतला चढही छान दिसला. मग २०२२ आलं. युक्रेन युद्धानंतर तेल, कोळसा, संरक्षण यांची चलती झाली आणि पुढच्या वर्षी सरकारी कंपन्यांनी बाजार डोक्यावर घेतला. या फंडांकडे नेमकं तेच कमी होतं. आज देशातल्या म्युच्युअल फंडांकडे साठ लाख कोटींहून अधिक पैसा आहे आणि ईएसजी फंडांकडे सारे मिळून दहा हजार कोटींच्या आसपास. लाट ओसरली आहे, हे सांगायला आकडेतज्ज्ञ लागत नाही.

बाईंचा प्रश्न वेगळा होता: “या फंडात माझी यादी बसते का?”

इथे गंमत आहे. बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने जुलै २०२३ मध्ये ईएसजी फंडांना सहा वेगवेगळ्या पद्धतींत वाटून घेतलं, आणि फंडाने आपल्या पद्धतीप्रमाणे किमान ८० टक्के पैसा लावलाच पाहिजे असं ठरवलं. तेव्हापासून फंडांच्या नावातच पद्धत लिहिलेली असते, ही चांगली गोष्ट झाली. एक पद्धत ‘वगळण्याची’ आहे: ठरावीक धंदे नकोतच. दुसरी ‘वर्गातल्या हुशारांची’ आहे: कुठलाही धंदा चालेल, पण त्या धंद्यात जी कंपनी इतरांहून बरी ती घ्यायची. ही दुसरी पद्धत बाईंसारख्यांच्या गळी उतरत नाही. आयटीसीला एमएससीआय या जागतिक संस्थेचा ‘एए’ दर्जा वर्षानुवर्षं आहे, पाणी, जंगल आणि कचरा यांच्या कामाबद्दल. वेदांतच्या घरातलीच हिंदुस्तान झिंक २०२३ मध्ये एस अँड पी ग्लोबलच्या शाश्वततेच्या मूल्यमापनात धातू व खाण क्षेत्रात जगात पहिली आली.

“म्हणजे सिगारेट विकून झाडं लावली तर पास?” बाईंनी विचारलं.

मी म्हटलं, त्या गुणपत्रिकेत तुमचा विषयच नाही. ती विचारते, ही कंपनी आपल्या धंद्यातले धोके नीट सांभाळते का. तुम्ही विचारता, हा धंदा मुळात हवा का. दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण एकाचं उत्तर दुसऱ्याला चिकटवलं की फसगत होते. माझ्या मते ईएसजी फंडांबद्दलची निम्मी नाराजी इथूनच येते.

यादीतल्या प्रत्येक शब्दाची किंमत

आता ‘किती कमी’. चारही शब्दांना एकच उत्तर नाही, आणि या प्रकरणात मला सर्वांत महत्त्वाचं वाटलं ते हेच.

तंबाखू घ्या. जुलै २०१७ मध्ये सिगारेटवरचा अधिभार वाढला आणि आयटीसीचा शेअर एका दिवसात बारा टक्क्यांहून अधिक पडला. पुढची तीन-चार वर्षं तो असा रखडला की लोकांनी त्याच्यावर विनोद केले. त्या काळात तंबाखू नको म्हणणाऱ्याने पैसे वाचवले. २०२२ मध्ये तोच शेअर जवळजवळ दीडपट झाला. निर्देशांकात त्याचं वजन तीनेक टक्के धरलं, तर त्या वर्षी निफ्टीच्या चार टक्क्यांतला दीडेक टक्का एकट्या आयटीसीने दिला. ज्यांच्याकडे ती नव्हती त्यांना ते वर्ष बोचलं.

लांबच्या पल्ल्याचं काय? २००९ मध्ये हाँग आणि काच्परचिक या अभ्यासकांनी अमेरिकेतल्या दारू, तंबाखू आणि जुगाराच्या शेअर्सचा हिशोब मांडला आणि त्यांचा परतावा इतरांपेक्षा जास्त निघाला. कारण समजायला सोपं आहे. बरेच जण नाक मुरडतात, म्हणून शेअर स्वस्त मिळतो, आणि स्वस्तात घेणाऱ्याला लाभांश जास्त पडतो. कॅलिफोर्नियाच्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या पेन्शन फंडाने २००० च्या सुमारास तंबाखूचे शेअर काढून टाकले. पुढे त्यांच्यासाठी काढलेल्या हिशोबात हुकलेला फायदा तीन अब्ज डॉलरहून अधिक होता. तरीही २०१६ मध्ये त्यांनी तंबाखू नकोच असं ठरवलं. म्हणजे किंमत आहे, ती मोजता येते, आणि माहीत असून मोजणारेही आहेत.

खाणीची गोष्ट उलटी. नॉर्वे सरकारच्या तेलाच्या पैशातून उभा राहिलेला निवृत्ती निधी हा जगातल्या सर्वांत मोठ्या गुंतवणूकदारांपैकी एक. तिथे नीतीच्या नियमांनी आणि नीतिसमितीच्या शिफारशींवरून दोन प्रकारे कंपन्या काढल्या गेल्या: धंदाच नको म्हणून, जसा २०१० मध्ये तंबाखू, आणि वागणूक वाईट म्हणून, म्हणजे पर्यावरणाची किंवा माणसांची हानी केली म्हणून. त्यांच्याच अनेक वर्षांच्या हिशोबात धंदे वगळल्याने परतावा थोडा घटला, पण वाईट वागणाऱ्या कंपन्या वगळल्याने उलट थोडा वाढला. तर्कालाही ते पटतं. सिगारेट ओढणारा उद्याही ओढतो. पण नियम धाब्यावर बसवून चाललेला धंदा एक दिवस न्यायालयाच्या दारात अडकतो, आणि मग शेअरधारकालाच भरावं लागतं. हे गोव्याला नव्याने सांगायला नको. गोवा फाउंडेशन या पर्यावरणवादी संस्थेच्या याचिकेवर एप्रिल २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून बंदी उठवली, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये नूतनीकरण झालेल्या ८८ लीज पुन्हा रद्द केल्या. खाणीच्या नफ्यावर भरवसा ठेवणाऱ्याला सहा वर्षांत दोनदा दणका. कॅसिनोचंही तसंच. सप्टेंबर २०२३ मध्ये डेल्टा कॉर्पला अकरा हजार कोटींहून मोठी जीएसटीची नोटीस आली आणि पुढच्या सोमवारी शेअर गडगडला.

तेव्हा बाईंना मी सांगितलं: तंबाखू आणि दारू वगळण्याची थोडी किंमत पडू शकते, जुगाराची जवळजवळ शून्य, आणि बेफिकीर खाणी वगळल्याने कदाचित बचतच होईल. सगळं एकत्र धरलं तर बारा वर्षांत वर्षाला पाव-अर्धा टक्का इकडे किंवा तिकडे. हा माझा अंदाज आहे, कुणाचा निष्कर्ष नव्हे. मुलाने लगेच फोनवर २०१५ चा तो गाजलेला अभ्यास काढला, सुमारे २२०० संशोधनं एकत्र करून दहापैकी नऊंत ईएसजीचा तोटा दिसत नाही असं सांगणारा. आश्चर्य म्हणजे तो अभ्यास तो आईच्या बाजूने काढत होता. मी त्याला थांबवलं. ते निष्कर्ष मुख्यतः कंपन्यांच्या कामगिरीबद्दल आहेत. फंडांपुरतं पाहिलं तर चित्र बरंच मिश्र आहे. फंडवाल्यांच्या माहितीपत्रकात हा फरक सोयीने गळतो.

खरी गळती

मग एवढ्या तुलनांत नैतिक फंड मागे का दिसतात? क्षेत्रांच्या वजनाचा मुद्दा झाला. दुसरं कारण कंटाळवाणं आहे आणि म्हणूनच कुणी बोलत नाही: खर्च.

निफ्टीच्या इंडेक्स फंडाचा डायरेक्ट प्लॅन वर्षाला ०.२ टक्क्यांच्या आसपास खर्च घेतो. सक्रिय, म्हणजे निर्देशांकामागे न जाता शेअर स्वतः निवडणारे, ईएसजी फंड छोटे असतात, संशोधनाचं नाव असतं. त्यांचा डायरेक्ट प्लॅन एक टक्क्याच्या आगेमागे, आणि एजंटकडून घेतलेला रेग्युलर प्लॅन दोन टक्क्यांच्या वर जातो. बाईंच्या दहा लाखांवर मी तिघांसमोर, म्हणजे बाई, मुलगा आणि त्यांनी आणलेल्या कॅलेंडरच्या पानासमोर, साधा गुणाकार केला. तिन्ही फंडांनी खर्चाआधी अगदी सारखेच १२ टक्के कमावले असं धरलं. ०.२ टक्के खर्चात बारा वर्षांनी सुमारे ३८.१ लाख. १.२ टक्के खर्चात ३४.२ लाख. २.२ टक्के खर्चात ३०.७ लाख.

पहिल्या आणि तिसऱ्या रकमेत सात लाखांहून अधिक अंतर आहे, आणि त्यात नीतीचा एक पैसाही नाही. हा सगळा फरक मधल्यांचा. बाई त्या आकड्यांकडे बराच वेळ बघत राहिल्या आणि मग त्यांनी यादीखाली पाचवी ओळ लिहिली: ‘दलाली नाही.’

तुलना करताना आणखी एक खोट असते. फंडाचा परतावा लाभांश धरून मोजला जातो. तो नुसत्या निफ्टीशी ताडून बघितला की फंड सव्वा-दीड टक्क्याने हुशार वाटतो. लाभांश धरलेला निर्देशांक, टीआरआय म्हणतात तो, वापरायला हवा. फेब्रुवारी २०१८ पासून सेबीने फंडांना ते सक्तीचं केलं, पण घरगुती चर्चांना आणि व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या तक्त्यांना सेबी कुठे लागू होते.

ठरलं काय

मुलाचा प्रस्ताव, स्वस्त निफ्टी फंड घ्यायचा आणि तंबाखूच्या वाट्याची कमाई दान करायची, हिशोबाने वाईट नव्हता. चाळीस हजारांवरचं उत्पन्न ते किती! पण बाई म्हणाल्या, “दारूच्या दुकानाचं भाडं घ्यायचं आणि देवळाला घंटा वाहायची, असं झालं की रे हे.” मी त्यात पडलो नाही. मुलगाही नाही.

तयार पर्यायांत बाईंच्या यादीला सर्वांत जवळचा निघाला तो निफ्टी १०० ईएसजी घराण्यातल्या निर्देशांकावर चालणारा स्वस्त फंड. त्या निर्देशांकात तंबाखू, दारू, जुगार आणि वादग्रस्त शस्त्रं नियमानेच वगळलेली असतात, आणि निर्देशांकावर चालत असल्याने खर्च कमी. सात लाख तिथे, सहा महिन्यांत समान हप्त्यांनी. तीन लाख वगळण्याच्या पद्धतीने चालणाऱ्या एका सक्रिय ईएसजी फंडाच्या डायरेक्ट प्लॅनमध्ये. या तीन लाखांबद्दल मी फारसा उत्साही नव्हतो. तो फंड आपला जास्तीचा खर्च भरून काढेल की नाही याची खात्री कुणी देऊ शकत नाही. पण दर महिन्याला कुठले शेअर आहेत ते वाचून फंडवाल्यांना जाब विचारायची बाईंना हौस आहे, आणि ती हौस तीन लाखांत भागते.

खाणीचा शब्द पूर्ण बसला नाही. पोलाद आणि अॅल्युमिनियमच्या कंपन्या तिथेही थोड्या आहेत. बाईंनी विचार करून तो शब्द खोडला नाही, त्यापुढे कंसात लिहिलं: ‘गावातली’. लोखंडाशिवाय घर उभं राहत नाही हे त्यांनाही मान्य. गावाच्या डोक्यावर रिजेक्शनचे, म्हणजे खाणीतल्या टाकाऊ मातीचे, डोंगर उभे करणारी नको. मला ही दुरुस्ती आवडली. पहिल्या यादीपेक्षा ती जास्त प्रामाणिक होती, आणि फंडाच्या कागदांत ताडून बघता येण्यासारखी.

तुलनेचे नियमही तेव्हाच लिहून घेतले. वर्षा-वर्षाला बघायचं नाही. पाच वर्षांनी, निफ्टी १०० च्या टीआरआयशी, डायरेक्ट प्लॅनचे आकडे घेऊन. वर्षाला दीड टक्क्याहून जास्त मागे पडला तर आधी आयटी आणि बँकांच्या वजनाने किती फरक पडला ते काढायचं, आणि उरलेल्याचं कारण सापडलं नाही तरच हलवायचं. हलवताना सव्वा लाखावरच्या नफ्यावर साडेबारा टक्के कर आहे, त्यामुळे उगाच उड्या मारणं परवडत नाही.

डिमॅट खातं

प्रकरण इथे मिटलं असतं. पण नामनिर्देशनाची कागदपत्रं पाहताना यजमानांचं डिमॅट खातं समोर आलं. त्यात वेदांतचे ५०० शेअर.

खनिजाचे ट्रक चालवणाऱ्या माणसाने सेझा गोवा या खाण कंपनीचे शेअर घेणं हे डिचोलीत त्या काळी अगदी स्वाभाविक होतं. २००७ मध्ये जपानच्या मित्सुईने ती कंपनी वेदांत समूहाला विकली. त्याच वर्षी नॉर्वेच्या निधीने वेदांतला वाईट वागणुकीच्या यादीत टाकलं. २०१३ मध्ये तिची सेझा स्टरलाइट झाली, २०१५ मध्ये वेदांत लिमिटेड. शेअर तेच राहिले, नाव बदलत गेलं. आणि एप्रिल २०२४ मध्ये डिचोलीतला लिलाव झालेला पहिला खाणपट्टा पुन्हा सुरू झाला, तो याच कंपनीकडे.

बाईंनी फंडातल्या चार टक्क्यांवर इतका काथ्याकूट केला आणि घरातच, भाव साडेचारशेच्या आसपास धरला तर सव्वादोन लाखांची, तीही ‘गावातली’ खाण निघाली. मी यजमानांना भेटायला गेलो. ते गप्प बसून ऐकत होते. मग आतून बँकेचं पासबुक आणलं आणि एकेका नोंदीवर बोट ठेवत गेले. आर्थिक वर्ष २०२२-२३ मध्ये वेदांतने शेअरमागे एकूण १०१ रुपये ५० पैसे लाभांश दिला. ५०० शेअरचे ५०,७५० रुपये, दहा टक्के कर कापून ४५,६७५. शेअरचा भाव तेव्हा तीनशेच्या घरात. “तुमचा कुठला फंड हे देतो सांगा,” ते म्हणाले.

कुठलाच देत नाही. मी तसं सांगितलंही. पण एका वर्षाचा लाभांश म्हणजे दर वर्षाचा नव्हे, आणि २०१२ नंतर याच शेअरने काय दिवस दाखवले ते त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक. त्यावर ते म्हणाले, ट्रकांनी दाखवले त्याहून बरे.

शेअर त्यांच्या नावावर आहेत, निर्णयही त्यांचाच. विकायचे नाहीत असं त्यांनी ठरवलं, आणि मीही आग्रह केला नाही. सल्लागार म्हणून एवढंच लिहून दिलं की घरच्या एकूण शेअर गुंतवणुकीचा साधारण पाचवा हिस्सा एकाच कंपनीत आहे, आणि नीती बाजूला ठेवली तरी हे जास्त आहे. निम्मे विकण्याचा पर्याय मुलाने सुचवला, त्यावर घरात अजून बोलणं चालू आहे. नामनिर्देशन मात्र पूर्ण झालं. खात्याच्या नॉमिनी बाई आहेत, आणि फॉर्मवर सही करताना त्यांनी यजमानांना स्पष्ट सांगितलं की आपल्या हाती आले तर त्याच आठवड्यात विकीन. यजमान म्हणाले, “विक. पण आधी भाव बघ.”